डिझेल मोटारीतील दोषनिदान : संवेदक आणि वायरिंग यांच्या संदर्भात एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

तंत्रज्ञानाचा इतिहास बहुतांशी शोधांचा, संशोधकांचा आणि कारखान्यांचा इतिहास म्हणून लिहिला गेला आहे. एखादे यंत्र कोणी व केव्हा निर्माण केले, त्याची किती विक्री झाली याची नोंद सापडते. ते बिघडल्यावर कोणी व कसे दुरुस्त केले याची नोंद क्वचितच आढळते. ब्रिटिश इतिहासकार डेव्हिड एजर्टन यांनी २००६ साली प्रसिद्ध झालेल्या 'द शॉक ऑफ द ओल्ड' या ग्रंथात या उणिवेकडे लक्ष वेधले. त्यानंतर २००७ मध्ये केव्हिन बोर्ग यांचा अमेरिकन मोटार मेकॅनिकवरील ग्रंथ आला आणि पुढील दशकात स्टेफान क्रेब्स यांनी जर्मन गॅरेजांतील 'ऐकण्याच्या' कौशल्याचा अभ्यास केला. मराठीत मात्र किर्लोस्करांच्या कारखान्याविषयी, वालचंद हिराचंद यांच्या उद्योगांविषयी विपुल लेखन असूनही रस्त्याकडेच्या गॅरेजमधील ज्ञानव्यवहार अभ्यासाचा विषय फारसा झालेला नाही.

प्रस्तुत लेखात डिझेल मोटारीच्या इंजिनातील दोष शोधण्याच्या पद्धतीत झालेल्या स्थित्यंतराचा मागोवा घेतला आहे. सुमारे साठ वर्षे डिझेल इंजिन हे संपूर्णपणे यांत्रिक होते. त्यानंतर अवघ्या दोन दशकांत ते संवेदक, तारा आणि संगणक यांच्या आधीन झाले. या बदलात दोष ओळखण्याचे ज्ञान कोणाच्या हातातून कोणाच्या हातात गेले, हा या लेखातील मध्यवर्ती प्रश्न आहे. पंधरा-वीस वर्षे वापरात असलेली डिझेल मोटार भंगारात जाते की रस्त्यावर राहते, हे पुष्कळदा या प्रश्नाच्या उत्तरावर ठरते. त्यामुळे हा प्रश्न केवळ अभ्यासिकेपुरता उरत नाही.

पंपाचे युग

रुडॉल्फ डिझेल यांना त्यांच्या इंजिनाचे जर्मन पेटंट १८९३ मध्ये मिळाले आणि १८९७ मध्ये आउग्सबुर्ग येथे ते इंजिन यशस्वीपणे चालले. परंतु मोटारीत बसण्याइतके लहान डिझेल इंजिन तयार होण्यास आणखी चार दशके लागली. कारण इंधन फवारण्यासाठी उच्च दाबाच्या हवेचा संपीडक लागत असे व तो अवजड असे. रॉबर्ट बॉश यांच्या कंपनीने १९२२ मध्ये इंधनपंपाच्या विकासाचा निर्णय घेतला आणि १९२७ मध्ये असे पंप नियमित उत्पादनात आणले. १९३६ साली बर्लिनच्या प्रदर्शनात मर्सिडीज-बेंझची '२६० डी' ही मोटार सादर झाली. तिला टॅक्सीचालकांनी विशेष पसंती दिली, ही गोष्ट पुढे भारतातही घडली.

या इंजिनाचे वैशिष्ट्य असे की ते चालू राहण्यासाठी विजेची जवळजवळ गरज नसते. दाबलेल्या तप्त हवेत डिझेल फवारले की ते आपोआप पेटते. पेट्रोल इंजिनाप्रमाणे ठिणगी लागत नाही. वीज लागते ती स्टार्टरला, थंड इंजिन सुरू करताना हीटर प्लगला आणि इंजिन बंद करणाऱ्या सोलेनॉइडला. म्हणून जुन्या डिझेल मोटारीची बॅटरी वाटेत निकामी झाली तरी उतारावरून ढकलून सुरू केलेली गाडी घरापर्यंत पोहोचत असे. फक्त सोलेनॉइडला तेवढा विद्युतपुरवठा मिळाला पाहिजे किंवा तो काढून टाकलेला असला पाहिजे.

अशा इंजिनात दोष शोधणे म्हणजे तीन गोष्टींचा विचार करणे होते : इंधन पोहोचते का, हवा पोहोचते का आणि दाब पुरेसा आहे का. धूर काळा असेल तर इंधन जास्त किंवा हवा कमी, पांढरा असेल तर इंधन न जळताच बाहेर पडते आहे, निळसर असेल तर तेल जळते आहे. चारपैकी कोणता सिलिंडर काम करीत नाही हे पाहण्यासाठी नोझलकडे जाणाऱ्या नळ्यांचे नट इंजिन चालू असताना एकेक करून सैल करीत. ज्या नळीचा नट सैल केल्यावर इंजिनाच्या आवाजात फरक पडत नाही, तोच सिलिंडर आजारी. टाकीतील डिझेल संपले की इंधननळीत हवा शिरत असे आणि मग 'एअर काढण्याचा' विधी करावा लागे. या सर्व क्रिया डोळा, कान, नाक आणि बोटे यांवर अवलंबून होत्या. पंप स्वतःच बिघडला तर तो उतरवून चाचणी यंत्र असलेल्या पंपाच्या दुकानात पाठवीत.

क्रेब्स यांनी १९५० ते १९८० या काळातील जर्मन गॅरेजांचा अभ्यास करून असे दाखविले आहे की, मोजमापाची उपकरणे बाजारात आली तरी कारागिरांनी ती सहजासहजी स्वीकारली नाहीत. आपल्या कानावरील विश्वास हा त्यांच्या व्यावसायिक प्रतिष्ठेचा भाग होता. भारतातही याहून वेगळे चित्र असण्याचे कारण नव्हते. बंगळुरू येथे १९५१ मध्ये स्थापन झालेल्या 'मायको' कंपनीने पुढे पंप व नोझल यांचे देशी उत्पादन केले. नाशिकचा तिचा कारखाना नोझल व इंजेक्टर यांसाठी ओळखला जाऊ लागला. 'मायको' हे नाव ट्रकच्या टपावरून ते पंपाच्या दुकानाच्या पाटीपर्यंत सर्वत्र दिसे. गॅरेजच्या भाषेत 'पंपवाला', 'फिटर' आणि 'वायरमन' असे तीन स्वतंत्र कारागीर असत. डिझेल इंजिनाच्या बाबतीत वायरमनचे स्थान दुय्यम होते. दिवे, हॉर्न, डायनॅमो आणि स्टार्टर एवढेच त्याचे क्षेत्र. इंजिन का चालत नाही, हे सांगण्याचा मान फिटरचा.

३० डिसेंबर १९९८ रोजी बाजारात आलेली, पुण्याच्या पिंपरी कारखान्यात बनलेली टाटा इंडिका ही या युगाच्या उत्तरार्धाची प्रातिनिधिक मोटार म्हणता येईल. तिचे १.४ लिटरचे डिझेल इंजिन यांत्रिक पंपावर चाले. डिझेलचे दर सरकारी नियंत्रणाखाली पेट्रोलपेक्षा बरेच कमी होते व ते नियंत्रण ऑक्टोबर २०१४ पर्यंत टिकले. त्यामुळे अशी मोटार मध्यमवर्गीय कुटुंबाला आणि टॅक्सीचालकाला सारखीच परवडली. तालुक्याच्या गावातील फिटरलाही ती उघडता येत होती.

विजेचा प्रवेश

यांत्रिक पंपाला उत्तम काम करता येत होते, परंतु सूक्ष्म काम करता येत नव्हते. युरोप, अमेरिका व जपानमधील धुराविषयीचे कायदे कडक होत गेले तसे, प्रत्येक फवाऱ्यातील इंधनाचे प्रमाण आणि त्याची वेळ तापमान, हवा व वेग यांनुसार क्षणोक्षणी बदलणे भाग पडले. हे काम स्प्रिंग आणि फिरती वजने यांच्या आवाक्याबाहेरचे होते. बॉश कंपनीने १९८६ मध्ये डिझेलसाठी इलेक्ट्रॉनिक नियंत्रण बाजारात आणले. १९८९ मध्ये फ्रँकफुर्ट येथे सादर झालेल्या ऑडी १०० टीडीआय या मोटारीमुळे ते सामान्य ग्राहकाच्या परिचयाचे झाले.

आरंभीच्या या व्यवस्थेत पंप जुन्याच घडणीचा होता. मात्र इंधनाचे प्रमाण ठरविणारा दांडा आता विद्युतचुंबक फिरवीत असे आणि तो किती फिरला हे दुसरा संवेदक कळवीत असे. एका नोझलमध्ये सुईची हालचाल टिपणारा संवेदक बसविलेला असे. ॲक्सिलरेटरच्या पेडलपासून पंपापर्यंत जाणारी केबल नाहीशी झाली व तिच्या जागी पेडलखालचा विभवमापी आला. चालकाच्या पायाचा दाब प्रथमच 'माहिती' बनून तारेतून वाहू लागला. यापुढे तार तुटणे म्हणजे इंजिन बिघडणे असे समीकरण झाले. डिझेलच्या इतिहासातील हा बदल नोझलमधील कोणत्याही सुधारणेपेक्षा मोठा मानावा लागेल, जरी जाहिरातींतून त्याची वाच्यता फारशी झाली नाही.

दुसरा टप्पा कॉमन रेलचा. या पद्धतीवर फियाटच्या इटलीतील संशोधन केंद्रांत मूलभूत काम झाले व १९९४ मध्ये ते बॉश कंपनीकडे सोपविले गेले. जपानमध्ये डेन्सो कंपनीने १९९५ मध्ये ट्रकसाठी अशी व्यवस्था आणली. १९९७ मध्ये अल्फा रोमिओ १५६ आणि पाठोपाठ मर्सिडीजची सी २२० सीडीआय या मोटारी आल्या. पहिल्या पिढीत इंधनाचा दाब १३५० बारपर्यंत जात असे. आता पंपाचे काम केवळ दाब निर्माण करणे इतकेच उरले. कोणत्या नोझलने केव्हा आणि किती क्षण उघडायचे हे नियंत्रक, म्हणजे गॅरेजच्या भाषेतील 'ईसीएम', ठरवू लागला.

भारतात ही पद्धत मोटारीत प्रथम आली ती २००२ मध्ये, ह्युंदाई ॲक्सेंट सीआरडीआयद्वारे. २००५ च्या सुमारास स्कॉर्पिओ, सफारी आणि इंडिका यांच्या कॉमन रेल आवृत्त्या आल्या. २००७ मध्ये स्विफ्टचे डिझेल रूप आले व २००८ मध्ये इंडिका व्हिस्टा. या दोन्ही मोटारींतील १.३ लिटरचे इंजिन मूळ फियाटचे. व्हिस्टासाठीची इंजिने पुण्याजवळ रांजणगाव येथे बनत. भारत स्टेज तीनचे निकष एप्रिल २००५ मध्ये मोठ्या शहरांत व २०१० मध्ये देशभर लागू झाले, स्टेज चारचे निकष २०१० मध्ये निवडक शहरांत आणि एप्रिल २०१७ मध्ये देशभर. दर टप्प्यागणिक बॉनेटखालील तारांची संख्या वाढत गेली.

संवेदक नेमके काय सांगतो

या ठिकाणी थोडे तांत्रिक विवेचन आवश्यक आहे, कारण दोषनिदानाचा सारा वाद संवेदकाच्या साक्षीवर उभा आहे.

सर्वांत साधे उदाहरण शीतक द्रवाचे तापमान मोजणाऱ्या संवेदकाचे. हा एक रोधक असतो. तापमान वाढले की त्याचा रोध कमी होतो : २० अंशांना सुमारे अडीच हजार ओहम, ८० अंशांना तीनशेच्या आसपास. नियंत्रक आपल्या आतील रोधकातून त्याला ५ व्होल्ट पुरवतो व दोन तारांमधील विभवांतर मोजून तापमान ताडतो. आता एक तार तुटली असे समजू. प्रवाह थांबतो, नियंत्रकाला पूर्ण ५ व्होल्ट दिसतात, म्हणजे रोध अमर्याद, म्हणजे थंडी पराकोटीची. स्कॅनरच्या पडद्यावर उणे ४० अंश असा आकडा येतो. नागपुरात मे महिन्याच्या दुपारी इंजिन उणे ४० अंशांवर आहे असे यंत्र सांगू लागले, तर खोटे कोण बोलते आहे याचा निर्णय माणसानेच करायचा असतो. नियंत्रक तेवढा शहाणा असतो की तो हा आकडा नाकारतो, मनाशी एक ठरावीक तापमान गृहीत धरतो, रेडिएटरचा पंखा सुरक्षिततेसाठी सतत चालू ठेवतो आणि दोषाची नोंद करतो.

ही नोंद पी ०११५ किंवा तिच्या शेजारच्या क्रमांकाची असते आणि तिचा अर्थ 'शीतक तापमान संवेदकाच्या परिपथात दोष' असा आहे. येथे 'परिपथ' हा शब्द महत्त्वाचा. संवेदक, त्याचा कपलर, दोन तारा, मधले जोड आणि नियंत्रकाची पिन हे सर्व मिळून परिपथ होतो. परंतु घाईच्या वाचनात 'परिपथ' गळून पडतो आणि 'संवेदक खराब' एवढेच उरते. ग्राहक नवा संवेदक विकत घेतो, दिवा आठवड्याभराने पुन्हा लागतो. मग दुसरा संवेदक, मग नियंत्रकच बदलण्याचा सल्ला. जुन्या मोटारीच्या बाबतीत नियंत्रकाची किंमत कित्येकदा मोटारीच्या बाजारभावाशी स्पर्धा करते आणि तेथे मालक हार मानतो.

जाणता कारागीर येथे एक सोपी परीक्षा करतो. संवेदकाचा कपलर काढला असता स्कॅनरवर उणे ४० यावे. कपलरमधील दोन टोके तारेच्या तुकड्याने जोडली असता आकडा एकदम १३० अंशांच्या वर जावा. दोन्ही घडले तर तारा आणि नियंत्रक निर्दोष आहेत, दोष संवेदकात आहे. यांतले एक जरी घडले नाही तर दोष तारेत किंवा त्यापलीकडे. या परीक्षेला पाच मिनिटे लागतात व एकही भाग विकत घ्यावा लागत नाही. अर्थात ही युक्ती दोन तारांच्या रोधक-संवेदकापुरतीच. तीन तारांच्या दाब-संवेदकावर तारेचा तुकडा डोळे मिटून लावला तर नियंत्रक जळण्याचा धोका असतो.

दाब-संवेदकाला ५ व्होल्टचा पुरवठा, जमीन म्हणजे अर्थ, आणि संकेत अशा तीन तारा असतात व संकेत साधारण अर्धा ते साडेचार व्होल्ट यांमध्ये फिरतो. या मर्यादांबाहेरचे मूल्य म्हणजे तार तुटली किंवा शॉर्ट झाली, असा संकेत कंपनीने मुद्दाम राखून ठेवलेला असतो. अनेक मोटारींत दोन-तीन संवेदकांना एकाच ५ व्होल्टच्या तारेतून पुरवठा होतो. त्यांपैकी एक आतून शॉर्ट झाला की तो सर्वांचाच पुरवठा खाली ओढतो आणि स्कॅनरवर एकाच वेळी रेलचा दाब, टर्बोचा दाब आणि पेडल यांचे कोड उमटतात. तीन भाग एकाच सकाळी मरत नाहीत. अशा वेळी कपलर एकेक करून काढत जावे. ज्याच्या सुटण्याने ५ व्होल्ट परत येतात तोच गुन्हेगार. ही पद्धत आणि नळ्यांचे नट एकेक करून सैल करण्याची जुनी पद्धत यांतील साम्य कोणाच्याही लक्षात यावे. हत्यार बदलले, तर्क तोच राहिला.

तारांचे म्हातारपण

मोटारीचे आयुष्य वाढते तसे संवेदकांपेक्षा तारा अधिक थकतात. इंजिनावरील तारांना उष्णता, तेल आणि कंप सतत सोसावे लागतात. प्लास्टिकचे आवरण कडक होते व तडकते. कपलरमधील पितळी पिनांची पकड सैल होते. कोकणपट्टीत खारी हवा पिनांवर हिरवट थर चढवते. घाटावर पावसाळ्यात आसरा शोधणारे उंदीर तारा कुरतडतात. यात भर घालतात ते म्युझिक सिस्टीम आणि चोरीचा अलार्म बसविताना तारा सोलून, चिकटपट्टी गुंडाळून केलेले जोड. युरोपात १९९८ पासून फोक्सवॅगनने वापरलेल्या 'पंप-नोझल' इंजिनात तर नोझलकडे जाणाऱ्या तारा व्हॉल्व्ह कव्हरच्या आत, तापलेल्या तेलात असत. कालांतराने त्यांच्या जोडांत दोष आला की इंजिन मधूनच अडखळे आणि सारे नोझलच बिघडल्याचा भास होई.

तारेच्या दोषाचे निदान करताना सर्वांत फसवी ठरते ती 'कंटिन्युइटी'ची चाचणी. मल्टिमीटर तारेच्या दोन टोकांना लावला, बझर वाजला की तार चांगली असा समज असतो. प्रत्यक्षात वीस धाग्यांच्या तारेतील एकोणीस धागे तुटलेले असतील तरी उरलेल्या एका धाग्यावर बझर वाजतो, कारण मल्टिमीटर अत्यल्प प्रवाह सोडतो. त्याच तारेतून १० ते १५ ॲम्पिअर मागणाऱ्या हीटर प्लगला वीज पुरवायची वेळ आली की ती कोलमडते. एका गंजलेल्या जोडाचा रोध अवघा ०.१ ओहम धरला तरी २० ॲम्पिअर प्रवाहाला तेथे २ व्होल्टची घट होते. म्हणून परिपथ चालू ठेवून, भार असताना, तारेच्या दोन टोकांमधील व्होल्टची घट मोजणे हीच खरी परीक्षा होय. जुना वायरमन जो बल्बचा टेस्ट लॅम्प वापरीत असे, त्यात ही परीक्षा नकळत अंतर्भूत होती : बल्ब स्वतःच भार होता, आणि मंद पेटणारा बल्ब बरेच काही सांगून जात असे. मात्र संवेदकाच्या नाजूक परिपथावर हाच बल्ब घातक ठरू शकतो.

इंजिन आणि चासी यांना जोडणारी अर्थची पट्टी गंजली की दोष कोठेही दिसू शकतो. स्टार्टर फिरताना शेकडो ॲम्पिअरचा प्रवाह परतीचा मार्ग शोधतो; मुख्य मार्ग बंद असेल तर संवेदकांच्या बारीक तारा आणि केबलींचा आधार घेतो. अशा मोटारीचे कोड दररोज बदलतात. अनुभवी माणूस बदलणारे कोड पाहून स्कॅनर बाजूला ठेवतो आणि प्रथम अर्थचे बोल्ट उघडून पॉलिश पेपरने घासतो.

सर्वांत त्रासदायक दोष म्हणजे येणारा-जाणारा दोष. क्रँकशाफ्टचा वेग टिपणाऱ्या चुंबकीय संवेदकाच्या आतील गुंडाळी तापल्यावर तुटते आणि थंड झाल्यावर जुळते. इंजिन महामार्गावर बंद पडते, अर्ध्या तासाने काही न करता सुरू होते, गॅरेजमध्ये पोहोचल्यावर उत्तम चालते. येथे पी ०३३५ हा कोड मिळालाच तर मदत होते; पण निर्णायक असते ती मालकाची हकिगत. किती अंतरानंतर, कोणत्या हवामानात, चढावर की उतारावर, हे प्रश्न विचारण्याचे कसब वैद्याच्या नाडीपरीक्षेइतकेच जुने आहे आणि कोणत्याही स्कॅनरमध्ये ते नाही.

कोडचा इतिहास

मोटारीने स्वतःचा आजार स्वतः सांगावा ही कल्पना डिझेलमध्ये जन्मली नाही. फोक्सवॅगनने १९७१ मध्ये आपल्या मोटारींत एक मध्यवर्ती सॉकेट बसविले. गॅरेजमधील यंत्र त्याला जोडले की ठरावीक जागांची मोजमापे आपोआप घेतली जात. जनरल मोटर्सने १९८० च्या सुमारास डॅशबोर्डवरील दिव्याच्या उघडझापीतून कोड सांगण्याची पद्धत आणली. दिवा किती वेळा लुकलुकला हे मोजून पुस्तकात अर्थ पाहायचा. त्यानंतर कायदा आला. कॅलिफोर्नियाने १९८८ च्या मॉडेलांपासून दोषसूचक यंत्रणा सक्तीची केली. १९९६ पासून अमेरिकेत दुसऱ्या पिढीची, म्हणजे ओबीडी-२ यंत्रणा आली. सोळा पिनांचे सॉकेट, पाच अक्षर-अंकांचे कोड आणि सर्व कंपन्यांना समान अर्थ ही तिची वैशिष्ट्ये. युरोपात डिझेल मोटारींना अशी यंत्रणा २००३-०४ मध्ये लागू झाली. भारतात ओबीडीचा पहिला टप्पा एप्रिल २०१० मध्ये आणि दुसरा एप्रिल २०१३ मध्ये आला.

त्यामुळे २००२ ते २०१० या काळात भारतात विकल्या गेलेल्या कॉमन रेल मोटारींची स्थिती विचित्र आहे. त्यांत संवेदक आहेत, नियंत्रक आहे, दोषांची नोंदही होते. पण ती समान भाषेत देण्याचे बंधन तेव्हा कंपनीवर नव्हते. सॉकेट सोळा पिनांचे असले तरी आतला संवाद कित्येकदा एकाच तारेवरील जुन्या पद्धतीचा असतो. बाजारातील साधा स्कॅनर तेथे मुका होतो.

शिवाय समान कोड हे मुळात धुराच्या नियंत्रणासाठी निर्माण झाले, दुरुस्तीच्या सोयीसाठी नव्हे. हवेचे प्रदूषण वाढविणारा दोष जाहीर करणे एवढीच कायद्याची अपेक्षा होती. त्यापलीकडचे कोड, मोजमापांची अपेक्षित मूल्ये आणि वायरिंगचे नकाशे कंपनीकडेच राहिले. काही वेळा तर लक्षण आणि कारण यांत वरकरणी संबंधच दिसत नाही : फोक्सवॅगनच्या जुन्या टीडीआय मोटारींत ब्रेकच्या दिव्याचा स्विच बिघडला तरी हीटर प्लगचा दिवा लुकलुकतो, कारण कंपनीने तोच दिवा इंजिन नियंत्रणाच्या दोषासाठी वापरला होता. ज्याच्याजवळ पुस्तिका नाही तो हीटर प्लग बदलत बसतो.

माहितीची मालकी

येथे दोषनिदानाचा प्रश्न अर्थकारणात शिरतो. जुन्या काळी फिटरचे ज्ञान त्याच्या हातात होते व ते उस्तादाकडून शागिर्दाकडे जात असे. आता ज्ञानाचा एक मोठा भाग कंपनीच्या संगणकात बंद झाला. २०११ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाकडे एका ग्राहकाने तक्रार केली की सुटे भाग, तांत्रिक पुस्तिका आणि निदानाची उपकरणे स्वतंत्र गॅरेजांना उपलब्ध करून दिली जात नाहीत. २५ ऑगस्ट २०१४ च्या आदेशात आयोगाने १४ मोटार उत्पादकांना दोषी धरून एकूण सुमारे २५४४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला आणि ही माहिती व उपकरणे खुली करण्याचे निर्देश दिले. आदेशाविरुद्ध अपिले झाली व प्रकरण लांबले. दंडाच्या रकमेची चर्चा वृत्तपत्रांत झाली. वायरिंगच्या नकाशाचा प्रश्न मात्र बातमीच्या तळाशी राहिला. युरोपीय संघाने २००७ च्या नियमावलीत दुरुस्तीची माहिती स्वतंत्र व्यावसायिकांना देणे बंधनकारक केले होते, अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्याच्या मतदारांनी २०१२ मध्ये अशाच कायद्याला कौल दिला. भारत सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये 'दुरुस्तीच्या अधिकारा'साठी समिती नेमली व डिसेंबर २०२२ मध्ये त्यासाठी संकेतस्थळ सुरू केले.

दरम्यान बाजाराने आपली वाट काढली होती. कॅनडातील एका छोट्या कंपनीने २००५ मध्ये 'ईएलएम ३२७' ही चिप आणली. तिच्या पहिल्या आवृत्तीला नकलेपासून संरक्षण नव्हते. परिणामी तिच्या स्वस्त प्रतिकृती जगभर पसरल्या आणि आज कोणताही मोटारमालक काही शे रुपयांत कोड वाचू शकतो. ज्ञानाचे लोकशाहीकरण असे याचे वर्णन केले जाते. ते अर्धेच खरे आहे. कोड वाचणे स्वस्त झाले. कोडनंतरचा विचार तितकाच महाग राहिला. आयटीआयमधील 'मेकॅनिक डिझेल' हा अभ्यासक्रम एका वर्षाचा आहे. एवढ्या अवधीत पंप, नोझल, गिअर यांबरोबर व्होल्टची घट आणि ५ व्होल्टचा सामायिक परिपथ हेही विद्यार्थ्याच्या हाती यावे अशी अपेक्षा असते.

कारागिरांनी या परक्या विद्येला आपली भाषा दिली, ही बाब मराठीच्या अभ्यासकांनी नोंद घ्यावी अशी आहे. जर्मन मानक ७२५५२ नुसार मोटारीतील विद्युतजोडांना क्रमांक दिलेले आहेत : ३० म्हणजे बॅटरीची सरळ वीज, १५ म्हणजे चावी फिरवल्यानंतरची, ३१ म्हणजे अर्थ, ८७ म्हणजे रिलेतून बाहेर पडणारी. भारतात विकल्या जाणाऱ्या रिलेच्या पायांवरही ३०, ८५, ८६ आणि ८७ हेच आकडे छापलेले असतात. 'तीस नंबरला करंट आहे, सत्त्याऐंशीला येत नाही' हे वाक्य दोष रिलेच्या परिपथात शोधावा असे सांगणारे निदान आहे. बर्लिन, पुणे आणि परभणी येथील वायरमनांना हे आकडे सारखेच कळतात. पूर्वी इंजिनाच्या कामात दुय्यम मानला गेलेला वायरमन अशा रीतीने डिझेलच्या उतारवयात प्रमुख वैद्य झाला, आणि फिटरला त्याच्याकडे सल्ल्यासाठी जावे लागू लागले.

एप्रिल २०२० मध्ये भारत स्टेज सहाचे निकष लागू झाले. लहान डिझेल मोटारी त्या खर्चात बसेनात. मारुती सुझुकीने डिझेल मोटारींचे उत्पादन थांबविले आणि १.३ लिटरचे ते इंजिन भारतीय बाजारातून गेले. पूर्वी विकलेल्या मोटारी मात्र रस्त्यावर आहेत. खासगी मोटारीची नोंदणी १५ वर्षांची असते व त्यानंतर तपासणी होऊन पाच-पाच वर्षांनी ती वाढविता येते. २०२१ च्या धोरणानंतर ही तपासणी यंत्राद्वारे करणारी केंद्रे उभी राहू लागली. तेथे धूर मोजला जातो, आणि ज्या मोटारीचा नियंत्रक एका गंजलेल्या पिनमुळे गृहीत धरलेल्या तापमानावर चालतो तिचा धूर मर्यादेत राहीलच असे नाही. अशा मोटारीचे संपूर्ण वायरिंग कंपनीकडे मागितले तर ते कित्येकदा उत्पादनातून गेलेले असते. मग कुर्ल्याच्या जुन्या सुट्या भागांच्या बाजारात तोडलेल्या मोटारीतून काढलेले वायरिंग शोधले जाते, तारांचे रंग नकाशाशी ताडून पाहिले जातात, आणि प्रत्येक पिनवर भार टाकून व्होल्ट मोजल्यानंतरच ते दुसऱ्या मोटारीत बसविले जाते.